एकादशीला भगर चालते का? नियम आणि तत्त्व वेगळे करून पाहण्याची रीत

एकादशीला भगर चालते का, हा प्रश्न सोलापूरच्या बाळीवेशीतल्या चार घरांत विचारून पाहा. दोन घरांतून "चालते की" येईल, दोन घरांतून "छे, ते धान्यच ना" येईल. चारही घरं विठ्ठलाचीच. प्रत्येक घरातली थोरली बाई खात्रीनं सांगेल, कारण तिला तिच्या सासूनं तसंच सांगितलेलं असतं. यात कुणी खोटं बोलत नाही. पण भगरीवरून घरात आवाज चढला, सून रडली आणि विठ्ठलाचं नावही कुणाच्या तोंडी राहिलं नाही, तर नियम तत्त्वाच्या जागी येऊन बसला असं समजावं.

हे कुठं घडतं ते ओळखायची आणि जमेल तिथं दुरुस्त करायची एक रीत पुढं दिली आहे. पाच-सात जणांनी वही घेऊन बसायचं आणि एका बैठकीत एकच आचार तपासायचा. देवधर्म सोडा असं ही रीत सांगत नाही. आहे ते सगळं झाकून बरोबर म्हणा, असंही सांगत नाही.

आधी दोन शब्द नीट धरा

रूढ मत म्हणतं, "असं करायचं, कारण असंच करतात. नाही केलं तर वाईट होईल." तत्त्व म्हणतं, "ज्यांनी पाहिलं त्यांना हे असं दिसलं. तूही पाहा." दोन्हींची वाक्यं कधी कधी अक्षरशः एकच असतात. फरक कळतो तो प्रश्न विचारल्यावर. प्रश्नाला उत्तर मिळालं, किंवा "मलाही नीट माहीत नाही, शोधू" असं मिळालं, तर तिथं तत्त्वाला जागा आहे. प्रश्नाला धमकी मिळाली (देवाचा कोप, पितरांचा शाप, लोक काय म्हणतील) तर समोर रूढ मत आहे. आणखी एक खूण पाहायची: नियम मोडल्यावर मनात काय उरतं? भीती उरली तर एक गोष्ट, आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटलं तर दुसरी.

असं तपासणं म्हणजे धर्माबाहेर जाणं, ही समजूत पहिल्याच बैठकीत काढून टाका. मुंडकोपनिषद चार वेद आणि सहा वेदांगं यांची गणना 'अपरा' विद्येत करतं. 'परा' म्हणजे जिच्यामुळं अक्षर, म्हणजे कधी न नासणारं, तत्त्व कळतं ती विद्या, तिला ते वेगळं ठेवतं, आणि पुढं यज्ञांना न टिकणाऱ्या होड्या म्हणतं. हे उपनिषदच सांगतं, बाहेरचा टीकाकार नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात शंकराचार्य लिहितात की अग्नी थंड असतो असं शंभर श्रुतींनी (वेदवचनांनी) सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. अंगुत्तर निकायातल्या कालाम सुत्तात बुद्ध सांगतात की ऐकीव आहे, परंपरेनं आलं आहे, ग्रंथात आहे किंवा आपला गुरू सांगतो एवढ्यावरून मानू नका. स्वतः जाणा, आणि अहितकारक आहे असं कळलं तर सोडा. घरात कुणी "प्रश्न विचारणं पाप आहे" म्हणालं तर वाद घालू नये. यातली एक ओळ वाचून दाखवावी आणि गप्प बसावं.

बैठकीची तयारी

माणसं पाच ते सात. चारपेक्षा कमी असली तर चर्चा दोघांच्याच हातात राहते. आठ झाली की दोघं-तिघं नुसती ऐकतात. वयाची सरमिसळ पाहिजेच: निदान एक सत्तरीचं आणि एक विशीतलं. सत्तरीच्या माणसाला आचाराचे तपशील माहीत असतात, विशीतल्याला प्रश्न पडतात. सगळे एकाच वयाचे असले की बैठक तक्रारींची होते किंवा आठवणींची होते.

दर पंधरा दिवसांनी बसा. आठवड्याला बसायचं ठरवलं तर मधल्या काळात करून पाहायला वेळ मिळत नाही. महिन्यावर नेलं तर धागा तुटतो. वेळ सव्वा तास, घड्याळ समोर ठेवून: वीस मिनिटं वाचन, तीस मिनिटं विचारपूस, दहा मिनिटं शांत बसणं, पंधरा मिनिटं वहीत लिहिणं. ही विभागणी श्रवण (ऐकणं), मनन (विचार करणं), निदिध्यासन (त्यावर ध्यान लावणं) या जुन्या क्रमावरच बेतलेली आहे, फक्त लिहिणं वाढवलं आहे. शांत बसण्याची दहा मिनिटं लोक पहिल्यांदा गाळतात, आणि तिथंच बैठक नुसती वादसभा होऊ लागते. ती गाळू नका.

सोलापुरात एक सोय अशी आहे जी फार कमी गावांना मिळते. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारी माणसं असतात. शक्य असेल तर वर्तुळात निदान दोन भाषा आणा. मूळ वचन मूळ भाषेत वाचून दाखवणारं माणूस असलं की अर्धी भांडणं मिटतात. जैन ग्रंथ पाहायचे असतील तर जीवराज जैन ग्रंथमाला सोलापुरातूनच निघालेली आहे. बाकीच्या ग्रंथांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करावी.

वही दोनशे पानी, आडव्या रेघांची. एका आचाराला समोरासमोरची दोन पानं. त्यावर पाच रकाने आखा: कृती, नियम, कथा, हेतू, तत्त्व. तळाला दोन बोटं जागा कोरी सोडा. ती कशाला, ते पुढं येईल.

पाच रकाने भरायचे कसे

कृतीच्या रकान्यात डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा. "देवाची भक्ती करतात" ही कृती झाली नाही. "सकाळी आंघोळ करून तांब्यात पाणी घेतात, तुळशीला घालतात, एक प्रदक्षिणा घालतात" ही कृती झाली. नियमात "पाहिजे", "नको", "चालतं", "चालत नाही" ही वाक्यं येतात, आणि प्रत्येकाशेजारी ते कुणी सांगितलं तेही लिहायचं: आईनं, भटजींनी, स्वामींनी, मोबाईलवर आलेल्या निरोपानं. कथा म्हणजे त्या आचारामागं सांगितली जाणारी गोष्ट. हेतू म्हणजे त्यातून माणसाला काय मिळतं: पोट हलकं होतं, नातेवाईक भेटतात, घरातली बाई वर्षातून एकदा माहेरी जाते. तत्त्वाच्या रकान्यात एकच वाक्य लिहायचं, आणि ते असं हवं की हा आचार न करणाऱ्या, दुसऱ्या धर्माच्या माणसालाही स्वतःच्या आयुष्यात तपासून पाहता येईल.

शेवटचा रकाना सर्वांत अवघड. बहुतेक वेळा तिथं हेतूच पुन्हा लिहिला जातो. "मन प्रसन्न होतं" हा हेतू आहे. "हवं ते मिळाल्यावर शांत होणारं मन आणि न मिळताही शांत राहणारं मन ही दोन वेगळी मनं आहेत" हे तत्त्व आहे, कारण ते खरं आहे की नाही हे उद्या सकाळी ज्याचं त्याला पाहता येतं. एका बैठकीत हा रकाना भरला नाही तर कोरा ठेवा. घाईनं भरलेल्या वाक्यापेक्षा कोरा रकाना बरा.

आता एकादशीच घेऊ. वर्षात चोवीस, अधिक मास असेल तर सव्वीस.

कृती: धान्याचं जेवण टाळतात, फराळाचं खातात, विठ्ठलाचं दर्शन किंवा भजन, दुसऱ्या दिवशी द्वादशीला उपवास सोडतात. नियमाच्या रकान्यात फराळाची यादी येते: साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची चालते. गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी चालत नाहीत. भगरीवर मतभेद.

इथं थांबून यादीकडं नीट पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची हे सगळं मूळ अमेरिका खंडातलं पीक आहे. पोर्तुगीज आल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढं, ते आपल्याकडं रुजलं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे ज्ञानोबांच्या काळातल्या एकादशीला सोलापुरी शेंगाचं कूट घातलेली खिचडी असणं शक्यच नव्हतं. तरी आज "पूर्वापार असंच चालत आलंय" असं आपण म्हणतो. यादी बदललेली आहे, आणि ती आपल्याच आज्या-पणज्यांनी बदलली. जी यादी एकदा बदलू शकते ती पुन्हाही बदलू शकते. हा मुद्दा कुणाला हिणवायला वापरू नका. तो ऐकल्यावर घरातल्या मोठ्या बाईचा चेहरा उतरला तर तुमची मांडण्याची पद्धत चुकली. "आपल्या बायकांनी नवीन पिकं आणली आणि देवापुढं ठेवली, केवढं मोठं मन" असंही हेच सांगता येतं, आणि ते अधिक खरं आहे.

पुढं हेतू: पोटाला विश्रांती, चुलीला विश्रांती, भजनाला मोकळी संध्याकाळ. खिचडी, बटाट्याची भाजी, तळलेले पापड आणि वर शेंगदाण्याचा लाडू असं ताट झालं तर पोटाला विश्रांती मिळाली नाही, आणि स्वयंपाकघरातल्या बाईला दोन स्वयंपाक करावे लागले. म्हणजे नियम पूर्ण पाळला गेला आणि हेतू पूर्ण बुडाला. वहीत हे असंच लिहा.

तत्त्वासाठी शब्दाकडं जा. उपवास म्हणजे उप अधिक वास, जवळ राहणं. अकरा या आकड्याचा अर्थ परंपरेत दहा इंद्रियं आणि अकरावं मन असा लावतात. या दोन्हींतून एक वाक्य निघतं: "इंद्रियांना हवं ते दिलं नाही तर मन कुठं पळतं ते पाहणं, आणि त्याला परत आणणं." हे वाक्य रोजा ठेवणाऱ्या शेजाऱ्यालाही तपासता येतं. करून पाहायचं ते असं: पुढच्या एकादशीला फराळ एकदाच, ताटात दोनच पदार्थ, आणि दुपारी भूक लागेल तेव्हा दहा मिनिटं नुसतं बसून भुकेकडं आणि मनाकडं पाहायचं. काय दिसलं ते तीन ओळींत लिहून आणायचं.

साखरेचा आजार असणाऱ्यांनी, इन्शुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. निर्जळ तर नाहीच. गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे: अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही.

तळाची कोरी जागा: कोण बाहेर राहिलं?

पाच रकाने झाल्यावर खालच्या दोन बोटं जागेत एकच प्रश्न लिहायचा. या आचारामुळं कोण दाराबाहेर राहतं? उत्तर माणसांच्या नावानं द्यायचं नाही, स्थितीनं द्यायचं: विधवा, पाळीतली बाई, अमुक जातीचा माणूस, लग्न न झालेली, मूल न झालेली, फी न देऊ शकणारा.

हा प्रश्न तळाशी का ठेवला, ते कळायला सोलापूर जिल्हाच पुरेसा आहे. मंगळवेढ्याचे चोखोबा लिहून गेले, "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ।।" ऊस वाकडा असतो, रस वाकडा नसतो. रूढी आणि तत्त्व यांतला फरक यापेक्षा थोडक्यात मराठीत कुणी सांगितलेला नाही, असं आमचं मत आहे. सुमारे १३३८ साली मंगळवेढ्यात भिंत कोसळून ते गेले. पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आहे, म्हणजे दारात, आत नव्हे. पुढची सहाशे वर्षं वारकरी त्यांचे अभंग टाळावर म्हणत राहिले आणि त्यांच्या समाजाला देवळाचं दार बंद राहिलं. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा ते दार उघडलं.

अभंग म्हणणारे ते सगळे लोक वाईट नव्हते. अभंगाचा अर्थही त्यांना कळत होता. तरीही सहाशे वर्षं गेली, कारण तत्त्व गाण्यात होतं आणि नियम दारावर होता, आणि दोन्ही एका पानावर शेजारीशेजारी लिहून कुणी पाहिले नाहीत. वही एवढंच काम करते. तळाची जागा भरताना बैठकीत शांतता पसरते. ती तशीच राहू द्या, कुणी लगेच समर्थन करू नये.

शब्द घट्ट होतात, ते सोडवा

कन्नड येणारं कुणी बैठकीत असेल तर बसवण्णांचं देहाला देऊळ म्हणणारं वचन एकदा घ्याच. श्रीमंत शिवालयं बांधतील, मी गरीब काय करू? माझे पाय खांब, देह देऊळ, शिर हा सोन्याचा कळस. शेवटी येतं: "स्थावरक्कळिवुंटु, जंगमक्कळिविल्ल." स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही.

आता 'जंगम' हा शब्द सोलापुरात उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढं एक समाज, एक आडनाव, लग्नाला बोलवायचे स्वामी येतात. वचनात जंगम म्हणजे चालतं ते, जिवंत ते, गावोगाव फिरणारा शिवाचा माणूस. शब्द तोच राहिला, पण हलत्याचं नाव ठरलेल्याचं झालं. हे कुणाच्या दोषानं होत नाही. वापरानं शब्द घट्ट होतात, जसं पाणी मुरून माती घट्ट बसते. म्हणून प्रत्येक आचारातला एक मुख्य शब्द घ्यायचा आणि त्याचा मूळ अर्थ व आजचा अर्थ शेजारीशेजारी लिहायचा. 'सोवळं', 'प्रसाद', 'दीक्षा', 'सेवा', 'नियत' हे शब्द सुरुवातीला चांगले. इस्लामी परंपरेत "कर्मं नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, अवलंबून" हे वचन बुखारींच्या हदीससंग्रहात अगदी पहिलं आहे. आपल्याकडं मराठीत मात्र 'नियत' शब्द उरला तो "त्याची नियतच खराब" एवढ्यापुरता.

गावचा सर्वांत मोठा धडा: सिद्धरामेश्वर

बाराव्या शतकातले सिद्धराम म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत. त्यांनी तळं खोदवलं, गावात अडुसष्ट लिंगं स्थापली, कन्नडमध्ये वचनं लिहिली. परंपरेत सांगतात की बसवण्णांच्या काळातले शिवभक्त संत अल्लमप्रभू इथं आले, तळ्याचं काम चाललेलं पाहिलं आणि "तुमचा तो माती खोदणारा कुठाय?" असं विचारलं. मजूर चिडले, दगड मारले. पुढं सिद्धराम आणि अल्लम यांचा मोठा संवाद झाला आणि सिद्धराम त्यांच्यासोबत कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) गेले.

बैठकीत यावर दोन गट पडतात. एक म्हणतो, अल्लमांनी सांगितलं की बाहेरची कामं व्यर्थ. दुसरा म्हणतो, तळ्याचं पाणी लोक प्यायले, संवादाचं काय घेऊन बसलात? दोघांनाही थांबवा आणि तळ्याकडं चला असं सांगा. तळं आजही आहे आणि त्यात सिद्धरामांची समाधीही आहे. अल्लमांनी खोदणं थांबवायला सांगितलं असं धरलं तर गोष्ट सपाट होते. "खोदणारा कोण?" असं विचारलं असं धरलं तर ती आपल्यालाही लागू होते, कारण मंडळाच्या पावतीवर नाव आधी कुणाचं, यावरून आपल्यातही भांडणं होतात. पुण्याचं काम करणारा 'मी' त्या कामाएवढाच मोठा होत जातो. त्याला खोदून काढायचं काम तळ्याच्या कामापेक्षा लांबतं.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेवर पान करायचं असेल तर अक्षता सोहळा घ्या. कृती अशी: पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त, सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या), सम्मती कट्ट्यावर सम्मतीचं, म्हणजे लग्नाच्या वचनांचं वाचन, आणि मग चहूबाजूंनी हजारो हातांतून पडणाऱ्या अक्षता. कथा अशी: कुंभारकन्येला सिद्धरामांशीच लग्न करायचं होतं. ते विरक्त, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होमाचा विधी होतो, तो तिच्या अग्निप्रवेशाची आठवण म्हणून.

तत्त्वाचा रकाना इथं दोन पिढ्या दोन प्रकारे भरतात. आजोबा लिहितात: माणसावरचं प्रेम देवाच्या दंडाला वाहिलं की ते अमर होतं. नात विचारते: अग्नीत मुलगीच का गेली? दोन्ही वाक्यं पानावर राहू द्या. नातीचा प्रश्न म्हणजे अश्रद्धा नाही आणि आजोबांचं वाक्य म्हणजे अंधश्रद्धा नाही. लगेच एक पुसून दुसरं ठेवायची घाई केली तर पुढच्या बैठकीला दोघांपैकी एक येत नाही.

काय बिघडतं, आणि का

सर्वांत जास्त बिघाड विज्ञानाच्या खोट्या आधारानं होतो. "तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते, म्हणून पूजा" असं कुणीतरी म्हणतं. कोणत्याही झाडासारखी तुळसही रात्री ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. असा आधार दिला की दोन नुकसानं होतात. विज्ञान चुकीचं शिकवलं जातं, आणि दहावीतल्या पोरानं तो आधार काढून घेतला की तुळशीचं वृंदावनही त्याच्या मनातून उतरतं. तुळशीला पाणी घालायला ऑक्सिजनची गरज नाही. सकाळी उठून एका जिवाला आधी पाणी द्यायचं आणि मग आपण प्यायचं, हे पुरेसं कारण आहे.

दुसरा बिघाड वचनांचा. संतांच्या नावावर मोबाईलवर फिरणारं निम्मं साहित्य त्यांचं नसतं. नियम करा: तुकोबांचं म्हणून कुणी आणलं तर गाथेतला क्रमांक आणि आवृत्ती दोन्ही सांगायचं, कारण आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, त्यात सापडलं नाही तर त्या ओळीवर चर्चा करायची नाही.

तिसरा बिघाड उलट बाजूचा, आणि शिकलेल्यांत जास्त. तत्त्वच रूढ मत होतं. "सगळं ब्रह्मच आहे" म्हणून शेजारच्याच्या दुखण्याकडं पाठ फिरवली जाते. "ज्याचं त्याचं कर्म" असं मूल गेलेल्या आईच्या तोंडावर सांगितलं जातं. यासाठी साधी कसोटी आहे: हे वाक्य मी स्वतःच्या दुःखाला लावतोय की दुसऱ्याच्या? दुसऱ्याच्या दुःखाला लावलेलं कर्माचं वाक्य वहीतून खोडून टाका.

चौथा बिघाड शेजाऱ्याच्या धर्मापासून सुरुवात करण्याचा. तो आला की बैठक संपलीच म्हणून समजा. पहिल्या सहा महिन्यांत फक्त स्वतःच्या घरातले आचार घ्यायचे. दुसऱ्याचा आचार घ्यायचा तर तो करणारं माणूस समोर बसलेलं पाहिजे, आणि रकाने त्यानंच भरायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली (तेलुगू विणकर) घरातलं कुणी असेल तर नारळी पौर्णिमेचं जानवं आणि मार्कंडेयांचा रथ यांचं पान त्यांच्या हातचं असू द्या.

आणि एक मर्यादा. अंगात आलंय म्हणून मारहाण, करणी काढायला पैसे, औषध बंद करायला सांगणं, बाईला विवस्त्र करणं, हे प्रकार वहीत तपासायचे नसतात. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सरळ पोलीस ठाणं गाठायचं.

घरात बदल करायचा तर

एका वेळी एकच. आणि तोडण्याआधी तो आचार घरात कशाचा भार उचलतोय ते पाहा. श्राद्ध बंद करू म्हणणाऱ्या मुलाला हे दिसत नाही की वर्षातून त्या एकाच दिवशी त्याच्या आईला नवऱ्याबद्दल चारचौघांत बोलता येतं. कृती ठेवून नियम सैल करता आला तर तो मार्ग पहिला.

हळदीकुंकवाचं उदाहरण घ्या, संक्रांत ते रथसप्तमी. कृती सुंदर आहे: बायका एकमेकींच्या घरी जातात, वाण देतात, तिळगूळ देतात. तळाच्या जागेत एकच शब्द येतो: विधवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात तो इतर गावांपुढं ठेवला. घरात ठराव करायची गरज नाही. सासूबाईंशी बोलताना "ही प्रथा चुकीची आहे" इथून सुरू करू नका. "आत्या, यंदा काकूंना पहिलं वाण द्यावं असं मनात आहे, तुमच्या हातानं दिलंत तर बरं वाटेल" असं म्हणा. नाही म्हणाल्या तर त्या वर्षी तिथंच थांबा आणि काकूंच्या घरी वाण घेऊन स्वतः जा. हो म्हणाल्या तरी काकू तयार आहेत का ते आधी त्यांना एकटीला विचारा. चारचौघींत अचानक कुंकवाचा करंडा पुढं केला तर ज्यांच्यासाठी करतोय त्यांनाच शरमिंदं व्हावं लागतं, आणि बऱ्या हेतूनं केलेल्या बदलात ही चूक फार होते.

बदल तीन महिने किंवा त्या सणाची एक पाळी चालवून पाहा, मग वहीत परत या. हेतू टिकला का? कुणी आत आलं का? कुणी नव्यानं बाहेर गेलं का? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण घरातली म्हातारी माणसं आवाज न करता बाहेर जातात. जेवायला उशीर करतात, देवघराशी जास्त बसतात.

पहिल्या बैठकीला आचार निवडताना भांडणाचा निवडू नका. पाळी, जात, श्राद्ध हे चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर. सुरुवातीला तुळशीचं पाणी, जेवणाआधीचा नैवेद्य किंवा तिन्हीसांजेचा दिवा यांतलं एक घ्या. गड्ड्याच्या दिवसांत बैठक ठेवू नका, कुणी येणार नाही, आणि यायलाही नको. त्या दिवसांत सगळ्यांनी सम्मती कट्ट्यावर जावं, हातात अक्षता घ्याव्यात. वही दर बैठकीनंतर वेगळ्या घरी जाते, आणि ती सर्वांत आधी नेण्याचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. तिला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं आणि नातवानं तिच्याच शब्दांत लिहावं.